पोच

माझे सासरे, ज्यांना घरात सारे बाबूजी म्हणत, बीडच्या मोंढ्यात आडत दुकान चालवीत. त्यांच्या गादीशेजारी दोन वह्या कायम असत, एक आवक आणि एक जावक. मोंढ्यात आवक हा शब्द मालासाठी वापरतात, पण या वह्या पत्रांच्या होत्या. दुकानातून पत्र बाहेर पडले की जावक वहीत त्याची नोंद होई. तारीख, कोणास, कशाविषयी, आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना. त्याच्या माथ्यावर बाबूजींच्या अक्षरात लिहिलेले असे, ‘पोच’. सोलापूरच्या वा लातूरच्या व्यापाऱ्याचे उत्तर आले, किंवा रजिस्टर पत्राची सही झालेली पावती पोस्टमनने आणून दिली, की त्या रकान्यात एक बारीक खूण उमटे. खूण नसलेल्या ओळी ते दर शनिवारी पुन्हा वाचीत.

१९८४ साली मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा मला हा सारा खटाटोप वाटे. एकदा मी धीर करून विचारले, “बाबूजी, पत्र पेटीत पडले, मग आता चिंता कसली?” ते म्हणाले, “बेटा, पेटीत टाकले म्हणजे आपले काम झाले. पत्राचे काम समोरच्याने वाचल्यावर होते.” मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात गेले. हे वाक्य मला पुढे २०१९ च्या उन्हाळ्यात आठवले, आणि तेही फार उशिरा.

बाबूजींच्या पश्चात दुकानाचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. १९९८ साली मी एका वर्गात जाऊन मराठी टंकलेखन संगणकावर शिकले होते. पुढे गावाबाहेरच्या एका लहानशा गोशाळेच्या समितीत मला घेतले, तेव्हा तिथली पत्रेही मीच लिहू लागले. सुरुवातीस पत्र टंकून, छापून, पाकिटात घालून टपालात टाकत असे. मग घरातल्या मुलांनी संगणकावर लिब्रे ऑफिस आणि थंडरबर्ड हे दोन कार्यक्रम बसवून दिले आणि एक गंमत दाखवली. पत्र लिहून झाले की ते बंद करून, कुठे साठवले ते शोधून, मेल उघडून जोडण्याची गरज नाही. वरच्या ‘फाइल’ या यादीत ‘सेंड’ आहे, त्यात ‘ईमेल डॉक्युमेंट’. तेवढे दाबले की मेलची कोरी खिडकी आपोआप उघडते आणि आपले पत्र तिला आधीच जोडलेले असते. पत्ता लिहायचा आणि धाडायचे.

यामागचा व्यवहार मला पुढे समजला. लेखनाचा कार्यक्रम स्वतः टपाल नेत नाही. तो पत्राची एक प्रत काढतो आणि संगणकात जो मेलचा कार्यक्रम ‘नेहमीचा’ म्हणून नेमलेला असेल, त्याच्या हाती देतो. दुकानातला मुनीम पत्र लिहितो आणि टपालात नेणारा माणूस वेगळा असतो, तसेच हे आहे. दोघांना एकमेकांची भाषा कळली पाहिजे. विंडोज संगणकावर या देवघेवीच्या भाषेला मॅपी म्हणतात. ज्या मेल कार्यक्रमाला ती येते, त्याच्याशीच लेखनाच्या कार्यक्रमाचे जुळते. जे केवळ इंटरनेटच्या पानावर जाऊन आपली मेल वाचतात, त्यांच्या संगणकात असा नेमलेला माणूसच नसतो. म्हणून हे बटण दाबूनही अनेकांना काही घडत नाही, किंवा चुकीची सूचना दिसते. त्यात यंत्राचा दोष नसतो. एक सुसंगत मेल कार्यक्रम बसवून संगणकाच्या सेटिंगमध्ये तो नेहमीसाठी निवडला की बहुधा काम होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जी जाते ती त्या क्षणीची प्रत असते. नंतर आपण मूळ पत्रात कितीही दुरुस्त्या केल्या, तरी गेलेल्या प्रतीत त्या उतरत नाहीत.

इतकी सोय हाती आल्यावर मी जावक वही लिहिणे सोडून दिले. मेल कार्यक्रमात ‘पाठवलेले’ असा एक कप्पा असतोच. त्यात तारीख असते, वेळ असते, पत्ता असतो. पोचेचा रकाना मात्र त्यात नसतो, हे माझ्या लक्षात आले नाही.

२०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढचा उन्हाळा आपल्या जिल्ह्याने कसा काढला, हे बीडच्या वाचकांना सांगायला नको. माजलगाव आणि मांजरा या दोन्ही धरणांचे पाणी मृतसाठ्यात गेले होते. जिल्हाभर चारा छावण्या उभ्या राहिल्या. आमच्या गोशाळेत १२६ जनावरे होती. त्यात बहुतेक म्हातारी, भाकड, कोणी सोडून दिलेली. कडब्याचा भाव रोज चढत होता आणि उसाचे वाढेही मिळेनासे झाले होते. मार्चअखेर समितीची बैठक झाली. शिल्लक चारा जेमतेम तीन आठवड्यांचा होता. मूळच्या बीडच्या, पण आता पुणे, मुंबई, सोलापूर आणि परदेशात स्थायिक झालेल्या ४३ कुटुंबांना आवाहन पाठवायचे ठरले.

मी ते पत्र दोन रात्री लिहिले. जनावरांची संख्या, चाऱ्याचा रोजचा खर्च, हाती असलेली रक्कम, सारे तपशीलवार मांडले. तिसऱ्या दिवशी सकाळी सामायिक झाल्यावर संगणक उघडला, ‘ईमेल डॉक्युमेंट’ दाबले, ४३ पत्ते भरले आणि पत्र धाडले. पाच मिनिटे लागली. समितीच्या अध्यक्षांना फोन करून सांगितले, “सगळ्यांना गेले.”

एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. एकाही घरातून उत्तर नाही. दहाव्या दिवशी आम्ही जनावरांच्या चाऱ्यात कपात केली. गव्हाणीपाशी मान खाली घालून उभ्या असलेल्या जनावरांकडे मला पाहवेना. आणि त्या अस्वस्थतेतून माझ्या मनात जे उगवले, ते लिहिताना आजही हात अडखळतो. मला राग आला. गावाची ही माणसे, याच मोंढ्यात यांचे वडील उभे राहिले, आणि आता मुक्या जिवांसाठी दोन ओळींचे उत्तर लिहिण्याचीही यांना फुरसत नाही! हे मी केवळ मनात ठेवले नाही. स्थानकात प्रवचनानंतर चार बायका भेटल्या, त्यांच्यापाशी बोलून दाखवले. दोघा-तिघांची नावेही घेतली.

बाराव्या दिवशी सोलापूरहून दिरांच्या मुलाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तो संकोचून म्हणाला, “काकीजी, तुमची एक मेल आली होती, पण पत्रात नुसती इंग्रजी अक्षरे आणि वेडीवाकडी चिन्हे दिसली. मला वाटले, तुमच्या संगणकात काही बिघाड झाला असावा. म्हणून उघडायचे सोडून दिले.”

मी खुर्चीत बसून राहिले.

कारण साधे होते. मी शिकले ते टंकलेखन जुन्या पद्धतीचे. त्या काळच्या मराठी फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. संगणक आत साठवी इंग्रजी अक्षरे नि चिन्हेच. फॉन्टामुळे आपल्याला ती मराठी दिसत. तो फॉन्ट माझ्या संगणकात होता, ४३ घरांत नव्हता. पत्र फॉन्ट सोबत घेऊन गेले नाही, आणि पलीकडे मुखवटा उतरून आतली निरर्थक अक्षरे उघडी पडली. माझ्या पडद्यावर जे सुरेख मराठी पत्र होते, ते इतर कोणाच्याही पडद्यावर कधी उमटलेच नव्हते.

खरे तर या रोगावर औषध केव्हाच निघाले होते. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला तिचे स्वतःचे क्रमांक मिळाले. ‘क’ साठी जगभर एकच क्रमांक, मग संगणक बीडचा असो वा बोस्टनचा. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, मेलला चित्रे, ध्वनी आणि इंग्रजीखेरीज अन्य लिपी जोडण्याचे सर्वमान्य नियम ठरले. नॅथनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड या दोघांनी ते घडवले. त्याआधी मेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठीच होती. आपली भाषा दूर जावी म्हणून जगात इतकी माणसे झटली, आणि मी मात्र सवयीच्या कळा सोडवत नाहीत म्हणून वीस वर्षे जुनाच फॉन्ट वापरत बसले होते.

पुतण्याने फोनवरच उपाय सांगितला. “त्याच ‘सेंड’ मध्ये ‘ईमेल अ‍ॅज पीडीएफ’ आहे, काकीजी. ते निवडा. त्यात अक्षरांचे रूप पत्राबरोबरच जाते, समोर फॉन्ट असो वा नसो. आणि सगळे पत्ते उघड्यावर टाकू नका. ‘बीसीसी’ मध्ये घाला, म्हणजे कोणाला कोणाचा पत्ता दिसणार नाही.” दुसरी सूचना ऐकून मी आणखी ओशाळले. आमच्या दात्यांपैकी काही जण गुप्तदान करणारे. नाव पाटीवर नको, पावतीवर नको, असे आवर्जून सांगणारे. त्यांचे पत्ते मी एका फटक्यात बेचाळीस घरांत वाटून टाकले होते.

त्या दुपारी मी बाबूजींची जुनी जावक वही माळ्यावरून काढली. मागची काही पाने कोरी होती. त्यावर ४३ नावे लिहिली आणि उजवीकडे रकाना आखला. पत्र पीडीएफ करून आधी एकट्या पुतण्याला धाडले. “वाचता येते, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत,” असा निरोप आल्यावर उरलेल्यांना पाठवले. शेवटी एक ओळ वाढवली, “पत्र वाचता आले, एवढे कळवावे.” मग फोन घेऊन बसले. ज्यांची नावे मी स्थानकात घेतली होती, त्यांना प्रथम लावला.

त्यातील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “बाई, तुमची मेल पाहून मी दोनदा उघडली. काही समजेना. मुलाला दाखवली, तो म्हणाला, बाबा, यात विषाणू असेल, पुसून टाका. गोशाळेचे आहे हे कळते तर मी असा बसलो असतो का?” त्यांच्याकडून त्याच संध्याकाळी मदत पोहोचली. चौथ्या दिवशी वैरणीचा पहिला ट्रक गोशाळेच्या फाटकाशी उभा राहिला.

त्या कपातीच्या दिवसांत आमची एक म्हातारी गाय गेली. वय झाले होते, ती तशीही फार दिवस काढती ना, असे पशुवैद्य म्हणाले. मी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवते. तरी गोशाळेत गेले की तिच्या रिकाम्या जागेकडे पाहिल्यावाचून मला परतता येत नाही.

चाऱ्याचा प्रश्न मिटला, माझ्या बोलण्याचा मिटला नाही. अठरा पापस्थानांत अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घेणे, हे एक. प्रतिक्रमणात हा शब्द मी लहानपणापासून म्हणत आले, पण तो आपल्याला लागू पडेल असे कधी वाटले नव्हते. चोरीचा, लबाडीचा आळ घेणारे लोक वेगळे, अशी माझी समजूत. यंत्राने ‘पाठवले’ असे सांगितले, त्यावर विसंबून मी ४३ घरांवर निष्ठुरतेचा आळ घेतला. एक फोन करून विचारले असते, तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. मी विचारले नाही, कारण दोष माझ्याकडे असू शकेल ही शक्यताच माझ्या मनाला शिवली नाही.

त्या वर्षी संवत्सरीला मी प्रत्येकास स्वतंत्र क्षमापनापत्र लिहिले. सर्वांना मिळून छापील ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवणे सोपे होते, पण क्षमा कशाची मागते हे त्यात कुठे येते? ज्यांच्याविषयी मी बोलले होते, त्यांना काय बोलले तेही लिहिले. आणि ज्या चार बायकांपाशी बोलले होते, त्यांच्या घरी जाऊन ते बोलणे मागे घेतले. हे काम ४३ पत्रांहून अवघड गेले.

आता मी युनिकोडमध्ये टंकते. बोटांना नवे वळण लागायला चार महिने लागले, एवढेच. बटण अजूनही तेच वापरते. सोय वाईट नसते. बाबूजींना हे बटण मिळाले असते, तर त्यांनी आनंदाने वापरले असते आणि मग वही उघडून ओळ लिहिली असती. मीही तेच करते. पत्र गेले की जावक वहीत नोंद, आणि उत्तर आले की उजवीकडे खूण. शनिवारी चष्मा लावून कोरे रकाने वाचते.

२०१९ च्या त्या पानावर ४२ खुणा आहेत. एका नावापुढचा रकाना कोरा आहे. तो पत्ता जुना होता, फोन लागत नाही, आणि ते कुटुंब आता कोठे आहे हे मोंढ्यात कोणाला सांगता येत नाही. पूर्वी मी म्हटले असते, विसरले बीडला. आता इतकेच म्हणते की माझे पत्र त्यांना अजून पोहोचलेले नाही.