तबकडी जरूर घे, पण पैसे साइटवरूनच भर

सांगली

प्रिय सुमन,

तुझा निरोप वाचून आधी हसूच आलं. आपल्या नागठाण्याचे बालगंधर्व, त्यांची जुनी तबकडी विकणारा मुंबईचा, आणि तू ती शोधून काढलीस लेस्टरमध्ये बसून, ईबेवर! तुझ्या हौसेला मोल नाही, पण तबकडीला आहे. दीडशे पौंड म्हणतेस. लिलाव तू जिंकलास आणि लगेच विक्रेत्याने लिहिलं की साइटवरून पैसे भरू नका, थेट माझ्या बँक खात्यात पाठवा, दहा टक्के कमी करतो. पाठवू का, असा तुझा प्रश्न.

नको पाठवू. खरं तर एवढं उत्तर पुरे, पण बँकेत जन्म गेलेल्या बाईला नुसतं 'नको' म्हणून थांबता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बस.

तो माणूस लबाडच असेल असं मी म्हणत नाही. ईबे विक्रेत्याकडून कमिशन कापतं, आणि ते वाचवायचा मोह सरळमार्गी दुकानदारालाही होतो. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, ग्रामोफोन आणि तबकड्या मांडून बसणारे कितीतरी जण चोख माल देतात. पण विक्रेता कसा आहे हे तुला तिथून कळणार नाही, मला इथूनही कळणार नाही. आपण एकच बघायचं : काही बिनसलं तर हे पैसे परत मागण्याचा हक्क कोणाकडे राहतो? माणूस पारखणं आपल्या हातात नसलं, तरी पैसे कोणत्या वाटेने जाणार हे आपणच ठरवतो.

ही अडचण लिलावाच्या साइटइतकीच जुनी आहे. पिएर ओमिड्यारने १९९५ मध्ये ईबे सुरू केलं, तेव्हा तिथे पहिल्यांदा विकला गेला तो एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. हौशी लोक तुझ्या आधीपासून आहेत बरं का! त्या काळी पैसे टपालाने जायचे. चेक वटल्याशिवाय विक्रेता वस्तू हलवायचा नाही, आणि चेक वटला की घेणारा देवावर हवाला ठेवून पोस्टमनची वाट बघायचा. दोघांनाही एकमेकांचा भरवसा नव्हता, म्हणूनच मधल्या पेपालचं फावलं. ईबेने २००२ मध्ये पेपाल दीड अब्ज डॉलरला विकत घेतलं आणि २०१५ मध्ये पुन्हा वेगळं केलं. आपल्याकडे मुंबईची बाझी डॉट कॉम होती, आठवतं? ती २००४ मध्ये ईबेने घेतली. पुढे तिथे 'पैसापे' नावाची सोय होती. आपण भरलेले पैसे मध्ये थांबायचे आणि वस्तू पोचल्यावर विक्रेत्याला मिळायचे. ईबे इंडिया २०१८ मध्ये बंद झालं, पण त्यातली समजूत आजही खरी आहे.

आता तुझ्या तबकडीचं. लिलाव जिंकल्यावर ईबेच्याच पानावर पैसे भरलेस, तर त्यांची पैसे परतीची हमी लागू होते. वस्तू आलीच नाही, फुटून आली, किंवा वर्णनाप्रमाणे निघाली नाही, तर पोचल्यापासून ३० दिवसांत तक्रार करता येते. पोचलीच नसेल, तर पोचण्याची जी शेवटची अंदाजी तारीख दिली असेल तिथून ३० दिवस मोजायचे. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात, जरा धक्का लागला की तडा जातो. म्हणून पार्सल फोडताना फोनवर चित्रण करून ठेव. मात्र पैसे बाहेरून दिलेस, तर ही हमी त्याच क्षणी संपते. तो देतोय त्या दहा टक्क्यांची खरी किंमत ही आहे.

पेपालने भरणार असशील तर एक बारकावा. तिथे पैसे पाठवायच्या दोन रीती आहेत, एक वस्तूच्या खरेदीसाठी आणि दुसरी 'फ्रेंड्स अँड फॅमिली'. खरेदीच्या रीतीने भरलेल्या पैशांबद्दल १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. दुसरी रीत भावाबहिणींना पैसे पाठवायला आहे, तिला खरेदीचं कसलंच संरक्षण नाही. विक्रेता "फी वाचेल, फ्रेंड्स अँड फॅमिलीनेच पाठवा" म्हणाला, तर समज की तो तुझा फ्रेंडही नाही आणि फॅमिलीही नाही.

क्रेडिट कार्डाबद्दल तुझा मुलगा म्हणाला की तिकडे कायदाच आहे. बरोबर आहे त्याचं. तुमच्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातलं पंचाहत्तरावं कलम. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली, तर विक्रेत्याइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार. पण त्यात एक मेख आहे. तू, बँक आणि विक्रेता यांचा थेट संबंध असावा लागतो. मध्ये पेपाल किंवा ईबेसारखा तिसरा आला की तो संबंध बहुधा तुटलेला धरतात. मग उरतो चार्जबॅक, म्हणजे बँकेने कार्ड कंपनीच्या नियमांनुसार रक्कम परत मागणं. तो डेबिट कार्डावरही मिळू शकतो, पण तो कायद्याने दिलेला हक्क नव्हे आणि त्याला मुदत असते. म्हणून तक्रारीचं पहिलं दार ईबेचं, दुसरं बँकेचं.

बँक ट्रान्सफरचंही ऐक, कारण तिकडे नवा नियम आल्याचं तू लिहिलंस. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये फसवणुकीने करून घेतलेल्या ट्रान्सफरची भरपाई बँकांनी द्यायची आहे, ८५,००० पौंडांपर्यंत. ऐकायला छान वाटतं. पण तो नियम ब्रिटनमधल्या खात्यातून ब्रिटनमधल्याच खात्यात गेलेल्या पैशांना आहे. तुझा विक्रेता भारतातलं खातं देतोय, म्हणजे तू आपण होऊन त्या छत्रीबाहेर पाऊल टाकणार. मनी ट्रान्सफरच्या दुकानांचं तर नावच काढू नकोस. रोकड कोणी उचलली याचा पुढे पत्ता लागत नाही, म्हणून ठगांची ती आवडती वाट. ठगांच्या असल्या व्यवहारांकडे काणाडोळा केल्याबद्दल वेस्टर्न युनियनला २०१७ मध्ये अमेरिकेत ५८.६ कोटी डॉलर भरायला लागले. आणि गिफ्ट कार्डाचा नंबर मागणारा विक्रेता सरळ चोर समजायचा.

"मग तूच इथून त्याला यूपीआय कर ना" हेही तू लिहिलंस. आनंदाने केलं असतं गं, पण अडचण तीच. मी पिन टाकला की पैसे पोचले, आणि मागे खेचायला मध्ये कोणी नाही. इथे आणखी एक चाल फार चालते. जुनं फर्निचर विकायला काढलेल्या माणसाला गिऱ्हाईक क्यूआर पाठवतं, "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

जिंकलेल्या आणि हरलेल्या लिलावानंतर येणाऱ्या निरोपांपासूनही जप. "पहिल्या गिऱ्हाइकाने माघार घेतली, आता वस्तू तुम्हाला देतो" असा मेल येईल. अशी दुसऱ्या संधीची सोय ईबेवर खरोखर आहे, पण खरा प्रस्ताव तुझ्या ईबे खात्यातल्या निरोपांत दिसतो. तिथे नसेल तर मेल खोटा. तसंच "पार्सल कस्टममध्ये अडकलंय, दोन पौंड भरा" असा एसएमएस आला, तर त्यातल्या दुव्याला हात लावू नकोस. तुझी वस्तू परदेशातून येणार असल्याने कर खरोखरच लागू शकेल. तो लागलाय का, हे ट्रॅकिंग क्रमांक कुरिअरच्या साइटवर स्वतः टाकून बघ. कोणी "एस्क्रोमधून करू", म्हणजे पैसे मध्यस्थाकडे ठेवू, असं म्हणत अनोळखी साइटचा पत्ता दिला, तर तीही त्याचीच बनवलेली असू शकते. आणि ट्रॅकिंगवर 'पोचलं' दिसतंय पण दारात काहीच नाही, असं झालं तर गप्प बसू नकोस. रिकामं पाकीट त्याच पोस्टकोडमधल्या भलत्याच घरी टाकून पुरावा तयार करणारे महाभाग असतात. कुरिअरकडून नेमका पत्ता मागून घे.

समजा, हे पत्र पोचायच्या आतच तू पैसे पाठवून बसली असशील, तर लाजू नकोस आणि वेळ घालवू नकोस. तिकडे १५९ फिरवलंस की तुझ्या बँकेशी जोडून देतात. तसाच इकडे १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची आशा असते.

पाठवले नसशील, तर आज त्याला ईबेच्या निरोपातूनच दोन ओळी लिही : पैसे साइटवरूनच भरेन, तबकडी नीट गुंडाळून, विमा आणि ट्रॅकिंगसकट पाठवा. धंदा करणारा असेल तर कुरकुरत का होईना, हो म्हणेल. नाही म्हणाला तर ईबेला कळव आणि तबकडी विसर. बालगंधर्वांच्या तबकड्या अजून बऱ्याच फिरताहेत, दुसरी मिळेल. पंधरा पौंड वाचवायला एकशे पस्तीस पौंड उघड्यावर टाकणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि इतकी वर्षं बँकेत बसून मी एवढं तर नक्की सांगू शकते.

तुझी,
नंदा