विकलेली तलवार

वीररसाचा स्थायिभाव भरताने उत्साह हा सांगितला आहे. क्रोध नव्हे, तो रौद्राचा. हा भेद शिकवायला सोपा, पण प्रत्ययास आणून द्यायला अवघड आहे. धाराशिव जिल्ह्यात पदव्युत्तर वर्गाला काव्यशास्त्र शिकवताना हा अनुभव मला वर्षानुवर्षे येत आला. वीर म्हटले की विद्यार्थ्यांच्या मनात शस्त्रांचा खणखणाट उभा राहतो. वास्तविक युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, प्रवेशकातून सूचित करावे, असा ‘नाट्यशास्त्रा’चा दंडक आहे, दानवीर आणि धर्मवीर यांना तेथे युद्धवीराच्या पंक्तीस बसवले आहे. तरीही युद्ध दृष्टीआड केल्यावर वीरकथेत उरते काय, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर मला काही जपानी सामुराईपटांत सापडले आणि ते चित्रपट मी वर्गात दाखवू लागले.

रोनिन म्हणजे धनी गमावलेला सामुराई. सत्तेचाळीस रोनिनांनी स्वामीच्या मृत्यूचा सूड घेतला, ही जपानी रंगभूमीची लाडकी कथा. केंजी मिझोगुची यांनी ती १९४१-४२ मध्ये दोन भागांत चित्रित केली आणि सूडाचा हल्लाच वगळला. तो स्वामीच्या विधवेला पत्रातून कळतो. भरताच्या दंडकाला इतके चोख उदाहरण मला आपल्या चित्रपटांत मिळालेले नाही.

मासाकी कोबायाशी यांचा ‘हाराकिरी’ (१९६२) याहून पुढे जातो. काळ १६३०चा. एदो येथील ईई घराण्याच्या वाड्यात हान्शिरो नावाचा प्रौढ रोनिन येतो आणि तेथे पोट चिरून मरण्याची परवानगी मागतो. असाच पूर्वी आलेल्या मोतोमे या तरुणाला वाड्याने खरोखरच पोट चिरायला लावलेले असते, तेही त्याच्याच शस्त्राने. आणि त्याच्या म्यानात पाते नसते, बांबूची पट्टी असते. बायको आजारी, मूल तापाने फणफणलेले. पाते केव्हाच विकले गेलेले. हान्शिरो हा त्याचा सासरा. चित्रपटाचा बराचसा भाग तो अंगणात बैठकीवर बसून आपली हकिगत सांगतो. शेवटी झुंज आहे, रक्तही आहे. परंतु घराण्याच्या प्रतिष्ठेचा निकाल तोवर हकिगतीनेच लावलेला असतो. पुढे त्या वाड्याच्या रोजनाम्यात सारे यथास्थित घडल्याची नोंद होते. बखरींच्या अभ्यासकाने हा शेवट अवश्य पाहावा. नोंद खरी की खोटी याआधी ती कोणाच्या आज्ञेने आणि कोणासाठी लिहिली, हे विचारावे लागते.

योजी यामादा यांच्या ‘द ट्वायलाइट सामुराई’त (२००२) सेइबेई हा धान्यकोठारावरचा कारकून आहे. घरी दोन मुली आणि स्मृती हरवलेली आई. कीटकांचे पिंजरे करून तो संसाराला हातभार लावतो. पत्नीच्या अंत्यविधीसाठी त्यानेही लांब तलवार विकली आहे. ज्याला मारण्याची आज्ञा झाली त्याच्याशी तो अंधाऱ्या घरात बसून आधी बोलतो, दोघे आपापल्या घरची दुःखे सांगतात. तलवार विकल्याचे ऐकताच मात्र प्रतिपक्षी संतापतो. दारिद्र्य दोघांचेही सारखेच. पण शस्त्राला किंमत असू शकते, हे त्याला सोसत नाही.

नेमके हेच आपल्यालाही सोसत नाही, असे मला वाटते. तुळजापूरला शारदीय नवरात्रात भवानी तलवार अलंकार महापूजा मांडली जाते. देवी शिवरायांना तलवार देत आहे, असे ते रूप. त्यामागच्या इतिहासाची चर्चा वेगळी. वाङ्मयीन कल्पनेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, येथे तलवार हा प्रसाद आहे आणि प्रसादाला बाजारभाव नसतो. आपली वीरकथा या श्रद्धेवर उभी राहिली. तानाजीच्या कथेत रायबाचे लग्न आहे, म्हणजे घर आहे. पण ते मागे ठेवण्यासाठी आहे. शांतारामांच्या ‘सिंहगड’पासून (१९३३) अलीकडच्या ‘पावनखिंड’पर्यंत (२०२२) घराचे स्थान बहुधा हेच राहिले. कोबायाशी आणि यामादा यांच्याकडे तलवारच घराच्या पोटापाण्यात खर्ची पडते.

‘हाराकिरी’ पाहिल्यावर वर्गात एकाने विचारले, “पाते विकले, मग म्यान कशाला सांभाळायचे?” मी भरताकडे वळणार तोच मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “दावणीचे बैल विकल्यावर पोळ्याला आपण मातीचे बैल पुजतोच की!” दुष्काळात बैलजोडी बाजारात नेणे म्हणजे काय, हे त्या वर्गात कोणाला समजावून द्यावे लागत नव्हते. रिकाम्या म्यानाचा आणि मातीच्या बैलाचा हा संबंध मला कोणत्याही टीकाग्रंथात मिळाला नसता. तेथे उत्साह हा स्थायिभाव शस्त्राविना उभा होता: सर्व विकून झाल्यावरही आपण कोण आहोत हे न सोडण्याचा उत्साह. आणि त्याची भीषण बाजूही तेथेच होती, कारण त्याच म्यानाच्या अभिमानाने मोतोमेचा जीव घेतला.

मराठी वीरवाङ्मयात ही सामग्री नाही, असे नव्हे. १७६१च्या पानिपतावर लढाईआधी सैन्याची झालेली उपासमार बखरकारांनी नोंदवली आहे. आपण ती रणवर्णनाची प्रस्तावना म्हणून वाचतो आणि पुढे सरकतो. तेथे थांबून, या सैनिकांनी काय काय विकले असेल, असे विचारणारे वाचन अजून व्हायचे आहे.