गिरगाव ते हेग, व्हाया सिल्वासा

दमणला गेलाय का कधी? शुक्रवारी ऑफिस सुटलं की चार-पाच जणांनी गाडी काढायची, अहमदाबाद हायवे पकडायचा आणि रविवारी रात्री लाल डोळ्यांनी परत! आमच्या लोअर परळच्या ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकचा हा ठरलेला कार्यक्रम. ज्यांना दमणचा कंटाळा येतो ते वापीला डावीकडे न वळता उजवीकडे वळतात आणि सिल्वासा गाठतात. त्या रस्त्यावर एक गंमत आहे. आधी गुजरात, मग दादरा, मग पुन्हा थोडंसं गुजरात आणि मग सिल्वासा. पाट्या सारख्या बदलत राहतात.

मी या रस्त्याने तीनदा गेलेय. पण या पाट्यांचा विचार पहिल्यांदा केला तो गिरगावात, आजीच्या खाटेशेजारी बसून.

घरगल्लीतून स्ट्रेचर

आजी ठाकुरद्वारला एका वाडीत राहते, दुसऱ्या मजल्यावर. लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे साठेक वर्षं. वाडीतून मेन रोडला जायला शेजारच्या प्लॉटमधून एक बोळ आहे. मालकी शेजारच्यांची, वापर सगळ्यांचा. दूधवाला, लग्नाची वरात, गणपती, शेवटचा प्रवास... सगळं तिथूनच. दोन वर्षांपूर्वी शेजारची चाळ पडली आणि टॉवरचं काम सुरू झालं. आधी पत्रे आले, मग गेट, मग गेटवर वॉचमन.

जूनमध्ये आजी मोरीत पाय घसरून पडली. स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसांना वॉचमनने 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणत वीस मिनिटं थांबवलं. शेवटी मागच्या घरगल्लीतून, गटाराच्या कडेकडेने आजीला बाहेर काढलं.

हाड वाचलं, पण घरात दोन पार्ट्या पडल्या. बाबा म्हणतात, खोली विकू आणि आजीला ठाण्याला घेऊन जाऊ. आजी म्हणते कोर्टात जाऊ.

"आजी, कोर्टाला किती वर्षं लागतात माहितीये का तुला?" मी म्हटलं.

"अगं, वाट त्यांनी अडवली आणि घर मी सोडायचं? हा कुठला न्याय!"

तळमजल्यावरचे वकीलकाका आजीला बघायला आले होते. प्रॅक्टिस सोडून त्यांना जमाना झाला. ते मिश्कील हसले. "तुझ्या आजीची केस एकदा हेगला लढून झालीये. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी आपण. मुद्दा एकच, वहिवाट!"

मला वाटलं काका फेकताहेत. घरी येऊन वाचायला बसले तर पहाटेचे तीन वाजले. आणि पुढचा रविवार मी मॉलमध्ये न घालवता फिरण्यात घातला. या केसचे धागेदोरे आपल्याच मुंबईत पसरलेत, मंडळी!

स्टॉप पहिला : धोबीतलाव

सुरुवात कयानीत. ब्रून मस्का, चहा. कयानी ज्या जेर महालात आहे त्याच्या वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावांचे क्लब आहेत. त्यांना म्हणतात 'कुड'. गोव्याहून बोटीवर नोकरी शोधायला आलेल्या माणसाने आपल्या गावच्या कुडात पथारी टाकायची, ही जुनी पद्धत. गोवा पोर्तुगीजांचं असताना निम्मा गोवा मुंबईत पोट भरत होता आणि गोवामुक्तीच्या कितीतरी बैठकाही याच शहरात होत होत्या.

आता १९५४ चा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दमण पोर्तुगीजांचं. आत डोंगराच्या बाजूला दादरा आणि नगर हवेली, तेही पोर्तुगीजांचं. मधली सगळी जमीन भारताची, तेव्हाच्या मुंबई राज्याची. म्हणजे दमणच्या गव्हर्नरला स्वतःच्याच गावात जायचं तर आपल्या अंगणातून जावं लागायचं. आजीच्या बोळासारखंच!

२२ जुलै १९५४ ला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या नेतृत्वाखाली दादरा घेतलं. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि इतर स्वयंसेवकांनी सिल्वासा घेतलं. पोर्तुगालला फौज पाठवायची होती, पण भारताने वाट बंद केली. गेटवर वॉचमन!

स्टॉप दुसरा : हायकोर्ट

धोबीतलावहून चालत ओव्हलपाशी आले. रविवारी हायकोर्टाची इमारत एकदम शांत असते. समोर मैदानात क्रिकेटच्या दहा मॅचेस एकावर एक.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा फंडा असा, की ते कुठल्याही देशाला ओढून आणू शकत नाही. दोन्ही देशांनी कोर्टाचा अधिकार मानलेला असावा लागतो. भारताची मान्यता १९४० पासूनची होती. पोर्तुगालने काय करावं? १४ डिसेंबर १९५५ ला तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ तारखेला कोर्टाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला भारतावर केस ठोकली. आठ दिवसांत! आपल्याकडे एवढ्यात सोसायटीचं एनओसी मिळत नाही.

भारताची बाजू मांडायला गेले ते अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड, मूळचे याच हायकोर्टाचे. आणि अशा केसमध्ये प्रत्येक देशाला आपला एक न्यायाधीश बेंचवर बसवता येतो. भारताने पाठवले एम. सी. छागला. १९५७ मध्ये ते हेगच्या बेंचवर बसले तेव्हा मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. १९५७ मध्ये त्यातल्या चार फेटाळल्या गेल्या, दोन मूळ सुनावणीसाठी राखून ठेवल्या. मग सुरू झाला खरा खेळ. पोर्तुगालने काढला पेशव्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह आणि नंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदा. तहात पोर्तुगीजांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं द्यायची ठरली होती. प्रश्न असा, की गावं दिली की गावांचा फक्त महसूल दिला? विचार करा, पेशवाईतली मराठी कागदपत्रं हॉलंडमध्ये पंधरा न्यायाधीशांसमोर, आणि त्यातल्या शब्दांचा कीस पडतोय! कोर्टाने सांगितलं, ही भाषा जहागिरीची, सरंजामाची आहे. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेलं नाही. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचा अंमल मुकाट्याने मान्य केला आणि नंतर भारतानेही.

निकाल लागला १२ एप्रिल १९६० ला. तीन भागांत.

एक, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल या वाटेने जात होता, म्हणून तेवढ्यापुरता पोर्तुगालला वहिवाटीचा हक्क होता, पण भारताच्या नियंत्रणाखाली. ११ विरुद्ध ४ मतं. दोन, सैन्य, सशस्त्र पोलिस आणि शस्त्रास्त्रं यांना असा हक्क नव्हता. ८ विरुद्ध ७! तीन, १९५४ मध्ये तिथली परिस्थिती तणावाची होती, त्यामुळे वाट बंद करून भारताने काही नियमभंग केला नाही. ९ विरुद्ध ६.

म्हणजे हक्क त्यांचा होता आणि चूक आपलीही नव्हती. वाचून मी आधी वैतागले. मग जिंकलं कोण? आणि दादरा कोणाचं, हे तर कोर्टाने सांगितलंच नाही! दोनदा वाचल्यावर लक्षात आलं, तो प्रश्न कोर्टाला विचारलाच नव्हता.

स्टॉप तिसरा : परळ

परळला माझं रोजचं ऑफिस, तरी हाफकिन इन्स्टिट्यूटकडे कधी नीट बघितलं नव्हतं. ही जागा मुळात पोर्तुगीज काळातल्या पाद्र्यांची, मग इंग्रजांचं गव्हर्नर हाऊस, आणि १८९९ पासून प्लेगवरच्या संशोधनाची प्रयोगशाळा. मुंबई बेटच मुळी १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात इंग्लंडच्या राजाकडे गेलं. परळच्या कोळ्यांना कोणी विचारलं नाही. कोर्टही नव्हतं.

हेग हे नाव परळला आता नवं नाही. जुलै २०१९ मध्ये कुलभूषण जाधव यांच्या केसचा निकाल लागला तेव्हा त्यांचं बालपण ज्या भागात गेलं तिथे लोक टीव्हीसमोर बसून होते. तो वाद जमिनीचा नव्हता, पण कोर्ट तेच.

ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर बेळगावचा मित्र बसतो. सोमवारी लंच टाइमला त्याला हे सगळं सांगितलं. तो शांतपणे डबा खात होता. "आमची केस सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे," तो म्हणाला. "तेव्हा मी शाळेत होतो." दोन राज्यांमधला वाद हेगला जात नाही, तो आपल्याच सुप्रीम कोर्टात लढावा लागतो. "निकाल लागेल तेव्हा लागेल. पण केस आहे म्हणून निदान कोणी असं म्हणत नाही की प्रश्नच नाही."

हे वाक्य डोक्यात राहिलं. कारण जगभर हेच दिसतं. पोर्तुगाल १९९१ मध्ये पुन्हा त्याच कोर्टात गेला, पूर्व तिमोरच्या समुद्रातल्या तेलावरून ऑस्ट्रेलियाविरुद्ध. आणि या वेळी वसाहतीतल्या लोकांच्या हक्कासाठी! १९९५ मध्ये कोर्टाने सांगितलं, इंडोनेशिया इथे हजर नाही, त्याच्या वागण्याचा निवाडा केल्याशिवाय हा निकाल देता येणार नाही. केस गेली. पण त्याच निकालात तिमोरी जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क कोर्टाने नोंदवून ठेवला. १९९९ मध्ये तिथे मतदान झालं, २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला. २२ जुलै २०१० ला कोसोवोबद्दल कोर्टाने मत दिलं की स्वातंत्र्याच्या घोषणेने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला नाही. कोसोवो देश आहे का? तो प्रश्न विचारला नव्हता, म्हणून उत्तरही नाही.

स्टॉप चौथा : दादर

शेवटी शिवाजी पार्क. सिल्वासाच्या मोहिमेत उतरलेल्यांपैकी एक इथेच राहायचे, संगीतकार सुधीर फडके. मोहिमेसाठी पैसे उभे करायला लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. जवळच पोर्तुगीज चर्च. सोळाव्या शतकात स्थापन झालेलं, आजची इमारत चार्ल्स कोरियांची. बस कंडक्टर आजही 'पोर्तुगीज चर्च' ओरडतो आणि कोणाला लिस्बन आठवत नाही.

कट्ट्यावर बसून पुढची गोष्ट वाचली. निकालानंतर एकोणीस दिवसांनी, १ मे १९६० ला मुंबई राज्यच संपलं आणि भांडणातली ती मधली जमीन गुजरातेत गेली. दादरा-नगर हवेलीचा कारभार १९५४ पासून तिथली वरिष्ठ पंचायत बघत होती. ११ ऑगस्ट १९६१ ला ते भारतात विलीन झालं, १९ डिसेंबर १९६१ ला सैन्याने गोवा मुक्त केला, आणि पोर्तुगालने हे सगळं तहावर सही करून मान्य केलं ते १९७४ अखेर, तिथली हुकूमशाही पडल्यावर. मालकी कोर्टाबाहेर ठरली. कोर्टाने फक्त वाट मोजली. पण ती नीट मोजली. कोण जाऊ शकतो, काय नेऊ शकतो, आणि कोणाच्या देखरेखीखाली.

पुन्हा वाडीत

संध्याकाळी गिरगावात परतले तेव्हा वकीलकाका आजीकडेच बसले होते. मी म्हटलं, "काका, मालकी विचारायचीच नाही. फक्त वहिवाट विचारायची. बरोबर?"

"आता कसं!" काका म्हणाले. १८८२ च्या कायद्याप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार, हक्काने वापरलेली वाट सहजासहजी बंद करता येत नाही. मग आम्ही तिघांनी कागद घेतला. पायी जाणारी माणसं, स्ट्रेचर, हातगाडी, गणपती. एवढंच मागायचं. गाड्यांचं पार्किंग नाही, टेम्पो नाही. गेट राहू दे, वॉचमनही राहू दे, पण चावी वाडीकडे एक असावी. आधी नोटीस, मग बोलणी, आणि नाहीच जमलं तर कोर्ट. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हातगाडीच्या आधी अँब्युलन्स लिही."

"पण वापर होता हे दाखवायला पुरावा लागेल," काका म्हणाले.

आजीने खाटेखालची ट्रंक ओढायला सांगितली. आत अल्बम. १९६८ च्या गणपतीपासूनचे फोटो. बोळातून निघालेली मिरवणूक, बोळात उभी असलेली नवरी, बोळातून शाळेत निघालेले हाफपँटमधले बाबा.

"तू ते स्कॅन की काय करतेस ना ऑफिसात," आजी म्हणाली, "सगळे कर. एकही सोडू नकोस."

एकूण त्रेसष्ट आहेत. आज रात्री थांबून करणार आहे.