काउंटरवरचा पहिला प्रश्न: "नंबर सांगा"

सुपरमार्केटमध्ये बिल करताना हल्ली "पिशवी हवी का?" याच्याही आधी "मोबाइल नंबर सांगा" येतं. नाशिककर मंडळी, या एका प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहितोय, कारण गेल्या महिन्याभरात आमच्या सोसायटीतल्या चार-पाच जणांनी हीच तक्रार केली. पोस्ट मोठी आहे, पण पैसे आपल्याच खिशातले आहेत, तेव्हा वाचा.

आधी हिशोब बघू. आमच्या भागातल्या एका सुपरमार्केटचं लॉयल्टी कार्ड तीन वर्षांपासून माझ्या नंबरवर आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. १०० रुपयांच्या खरेदीला १ पॉइंट आणि एका पॉइंटचे ५० पैसे. म्हणजे शंभराला आठ आणे. महिन्याला ६,००० चा किराणा भरला तर हातात येतात ३० रुपये. तेही लगेच नाही. २०० पॉइंट जमल्याशिवाय वापरता येत नाहीत, म्हणजे तीन महिन्यांच्या वर थांबा. वर्षभरात वापरले नाहीत तर गेले. आणि वापरायचे तर ओटीपी लागतो, जो ज्याच्या नावावर कार्ड आहे त्याच्याच फोनवर येतो. बायको काउंटरवर उभी, मी ऑफिसात मीटिंगमध्ये, मागे रांगेत दहा जण खोळंबलेले. कशासाठी? तर १०० रुपयांसाठी.

बरं, पॉइंट नकोत तर नकोत, कोणी जबरदस्ती केली नाही, असं म्हणता येईल. खरी गोम पुढे आहे. आता शेल्फवर दोन भाव लागतात. मोठ्या अक्षरात "मेंबरसाठी १२९" आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात १६०. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी परवा १२९ वाचून डाळीचं पाकीट घेऊन गेल्या, बिल आलं १६० चं. विचारलं तर उत्तर मिळालं, "आजी, तो मेंबरचा भाव. नंबर सांगा, लगेच मेंबर करतो." आजींचा साधा बटणांचा फोन घरी चार्जिंगला लावलेला. ओटीपी कुठून सांगणार? ३१ रुपये जास्त देऊन घरी आल्या. ३१ रुपये म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण पेन्शनवर घर चालवणाऱ्या बाईसाठी ते अर्ध्या लिटर दुधाचे पैसे आहेत. आणि असं एका पाकिटावर होत नाही, दर फेरीला चार-पाच वस्तूंवर होतं.

आता मला सांगा, याला सवलत म्हणायचं की नंबर न देणाऱ्यांना दंड?

इथे एमआरपी समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त भाव घेता येत नाही. पण एमआरपी ही फक्त वरची मर्यादा आहे. तो माल खऱ्या अर्थाने तेवढ्याचा आहे, असा तिचा अर्थ होत नाही. आणि डाळ, तांदूळ, शेंगदाणे दुकानाने स्वतःच्या नावाने पॅक केले असतील तर तो आकडाही दुकानच छापतं. मग १६० छापायचे, १२९ ला द्यायचे आणि बिलाखाली "आज तुमची बचत ३१ रुपये" लिहायचं. शेजारच्या वाण्याकडे तीच डाळ कितीला आहे हे बघितल्याशिवाय त्या बचतीला काही अर्थ नाही.

सगळीच फसवणूक असते, असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये अशा मेंबर-भावांबद्दल खूप ओरड झाली, तेव्हा तिथल्या स्पर्धा नियामकाने सुमारे ५०,००० वस्तूंचे भाव तपासले. नोव्हेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष आला की ९२ टक्के वस्तूंवर नेहमीच्या भावापेक्षा खरोखर बचत होती. पण त्याच वेळी त्यांनी दुकानांना हेही सांगितलं की ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, जे वयस्कर आहेत, त्यांनाही हे भाव मिळतील असं बघा. मुद्दा हाच आहे. कोणीतरी तपासलं आणि लोकांपुढे मांडलं. आपणही तेवढं मागायला हवं.

आता नंबरचं. बिलासाठी मोबाइल नंबर लागतच नाही. जीएसटीच्या नियमात साध्या ग्राहकाचं नाव-पत्ता घालायची सक्ती ५०,००० रुपयांपासून पुढच्या बिलाला आहे, आणि तिथेही फोन नंबर मागितलेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं की नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही म्हणणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्यात संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि कामापुरतीच माहिती घ्यावी, असं लिहिलंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. तोवर काय, तर आपणच तोंड उघडायचं.

कोणी म्हणेल, वाण्यालाही तुमच्या घरातलं सगळं माहीत असतंच की! असतं. कोणाच्या घरी बाळ आलं, कोणाची साखर बंद झाली, सगळं त्याला कळतं. पण ते त्याच्या डोक्यात राहतं, आणि त्याचं घरही आपल्याला माहीत असतं. सुपरमार्केटने साठवलेली यादी कुठे जाते, कोण बघतं, किती वर्षं राहते, हे काउंटरवरच्या पोरालाही माहीत नसतं. त्या पोरावर चिडू नका. त्याला दिवसाला इतके मेंबर करायचं टार्गेट असतं, असं मला तिथल्याच एकाने सांगितलं.

मग करायचं काय? नंबर द्यायचा नसेल तर शांतपणे "नंबर नाही देणार, बिल करा" एवढंच म्हणा. अडवलं तर मॅनेजरला बोलवा, तरीही नाही ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बिल तिथेच वाचा, भावाचा बोर्ड आणि बिल जुळत नसेल तर वस्तू परत ठेवा. आणि दुकानाच्या तक्रारवहीत एक मागणी लिहून या: ज्येष्ठांना ओटीपीशिवाय मेंबरचा भाव द्या. मी लिहून आलोय. अजून दहा जणांनी लिहिलं तर मॅनेजरला ते वर कळवावं लागेल.

तुमच्या भागातल्या दुकानात काय चालतं ते खाली लिहा. फक्त काउंटरवरच्या मुला-मुलींची नावं आणि फोटो टाकू नका, त्यांनी हे नियम केलेले नाहीत.