गाडी किती देते?

गाय विकत घेतली की शेजारी विचारतात, “किती देते?” मोटार घेतली तरी तेच विचारतात. प्रश्नातला शब्दसुद्धा बदलत नाही. फरक एवढाच, की गाईचा मालक चारचौघांसमोर धार काढून दाखवू शकतो. मोटारीच्या मालकाला मात्र थापेवर भागवावे लागते. शेजाऱ्यांना थापा मी पुष्कळ मारल्या, आणि त्यांनीही त्या आपापल्या थापांच्या बदल्यात सभ्यपणे स्वीकारल्या. परंतु एक थाप मी वडिलांना मारली, आणि ती मला चांगलीच महागात पडली.

माझी मोटार लहान आहे. तिच्या कंपनीचे नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा दोष काडीचाही नाही. २०१६ साली नांदेडच्या एका डॉक्टरांकडून मी ती जुनी म्हणून घेतली तेव्हा तिचे वय पाच होते आणि माझे बावन्न. लाल रंगाची, जमिनीला चिकटून बसणारी, बाराशे सीसीची. मागच्या बाकावर दोन माणसे बसतात आणि तिसरे रुसते. आमच्या सौभाग्यवतींचे मत असे होते, की किनवटसारख्या गावात राहणाऱ्या, बँकेतून लवकरच निवृत्त होणाऱ्या माणसाने चांगली उंच, डिझेलची गाडी घ्यावी. सामान मावते, खड्डे कळत नाहीत. मी त्यांना समजावले, की डिझेलची गाडी महाग पडते आणि रोजचे धावणे भरपूर असेल तरच तो जादा पैसा वसूल होतो. हे खरेच होते. पण खरे कारण ते नव्हते. २००१ साली मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाटची पालिओ बाजारात आली. तिच्या सोळाशे सीसीच्या गाडीला शंभर घोड्यांची ताकद होती आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. ती गाडी पेट्रोल पिते असे जो तो सांगे, आणि सांगताना डोळे मात्र चमकत. त्या वेळी मला पगार नव्हता असे नाही, धीर नव्हता. तो पंधरा वर्षांनी आला, आणि असा बाराशे सीसीचा आला.

या गाडीच्या कागदावर लिटरला सतरा किलोमीटर लिहिलेले आहे. माझ्या हातात ती साडेबारा देते. किनवटहून निघाले, की इस्लापूरपर्यंत सागवानाच्या रानातून रस्ता वळणे घेत जातो, आणि वळण दिसले की माझा उजवा पाय माझे ऐकत नाही. पंपावरचा मुलगाही मला ओळखून होता. “काका, साधं का भारीतलं?” तो विचारी, आणि मी भारीतले म्हणे. लिटरमागे काही रुपये जास्त मोजून आपण गाडीला बदाम खाऊ घालतो आहोत अशी माझी समजूत होती. २०२० च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने शंभर ऑक्टेनचे पेट्रोल विकायला काढले, तेव्हा ते किनवटला कधी मिळेल याची चौकशी करणारा मी एकटाच असेन.

हे सगळे सुखाने चालले असते. पण २०२३ च्या पावसाळ्यात बाबांना दिसेनासे होऊ लागले.

बाबा वनखात्यात होते. सागवानाच्या डेपोत मोजणी करण्यात त्यांचा जन्म गेला. वय ब्याऐंशी. डावा डोळा पूर्वीच अधू झालेला. आता उजव्या डोळ्यात बरोबर मध्यभागी काळा ठिपका येऊन बसला. माणूस समोर उभा राहिला, की त्याचे कान दिसत आणि चेहरा दिसत नसे. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की पडद्यामागे पाणी झिरपते आहे, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागेल. खंड पडता कामा नये. खंड पडला तर गेलेली नजर परत येण्याची हमी नाही.

इंजेक्शनाच्या खर्चाबद्दल बाबा काही बोलले नाहीत. परत येताना भोकरच्या पुढे त्यांनी विचारले, “गाडी किती देते?”

मी म्हणालो, “सतरा.”

हा सतरा कसा सुचला ते सांगतो. बाबांचा स्वभाव मला ठाऊक होता. औषधाचा खर्च हा त्यांच्या हिशेबी नाइलाज. परंतु औषधाला जाण्यायेण्याचा खर्च ही चैन. साडेबारा म्हटले असते तर ते पुढच्या महिन्यात रेल्वेने निघाले असते. डॉक्टरांच्या वेळा रेल्वेच्या वेळांशी जुळत नव्हत्या, आणि डोळ्यावर पट्टी बांधलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला फलाटावर बसवून ठेवणे मला पटत नव्हते. म्हणून सतरा.

दुसऱ्या महिन्यापासून बाबांनी वही घातली. निघताना किनवटच्या पंपावर टाकी पूर्ण भरावयाची, परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच नळीने पुन्हा पूर्ण भरावयाची. नळी आपोआप बंद पडली की थांबावयाचे, वर आणखी चार थेंब कोंबावयाचे नाहीत. जेवढे भरले तेवढे खर्च झाले. हिशेबाची ही रीत त्यांनी कुणाला न विचारता स्वतःच काढली, आणि याहून चांगली रीत अजून कुणी काढलेली नाही. फक्त आकडे त्यांना दिसत नव्हते. ते मी वाचून दाखवायचे आणि माझ्या मुलीने वहीत लिहायचे. किलोमीटर मी खरे सांगत असे: नांदेडातल्या फेऱ्या धरून दोनशे अठ्ठ्याण्णव. लिटर मात्र साडेसतरा सांगे. हिशेबाला लिटरचा भाव १०७ रुपये धरा, म्हणजे अठराशे बहात्तर. बाबा पेन्शनमधून एकोणीसशे रुपये मोजून माझ्या खिशात घालीत आणि वरचे सुटे परत मागत. उरलेले सहा-सातशे मी गुपचूप भरी. आंधळ्या माणसाला काट्यावर फसविणाऱ्या भुसाऱ्यात आणि माझ्यात फरक काय, असा प्रश्न एकदोनदा मनात आला. पण मी पैसे घेत नसून घालीत आहे, असे उत्तर मी देऊन टाकले.

या लबाडीत एक मोठी चूक होती. ज्या औषधासाठी मी ती करीत होतो, ते औषध गुणकारी होते.

पाचव्या खेपेला, २०२४ च्या जानेवारीत, संध्याकाळी किनवटच्या पंपावर टाकी भरत होती. बाबा पुढच्या सीटवर. नळी थांबली. मी सवयीने म्हणालो, “सतरा लिटर आणि साठ.” बाबा काचेतून पंपाकडे पाहत होते. काही बोलले नाहीत. घरी आले, हातपाय धुतले, जेवले. मग वही मागवली आणि मुलीला न देता स्वतः, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिले: २३.८४.

दिवा डोळ्याशी धरून त्यांनी भागाकार केला. साडेबारा. मग मागच्या खेपांच्या ओळींवर एकेक आडवी रेघ मारली आणि प्रत्येक रेघेशेजारी सही केली. खात्यात चुकीची नोंद खोडण्याची तीच पद्धत आहे. खाडाखोड नाही, एक रेघ आणि सही. ते पाहताना मला जे वाटले ते मी लिहीत नाही. पंपावरचे आकडे त्यांना दिसले, म्हणजे डोळा सुधारला, याचा आनंद करावा की तोंड लपवावे, ते कळेना. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत.

“पैशाचं नाही,” बाबा म्हणाले. “माझ्या वहीत खोटी मोजणी कामून घातलीस?”

मी काय सांगणार?

“आता दिसतंय मला. पुरे झालं. पुढल्या महिन्यात जायचं नाही.”

हे मात्र भयंकर होते. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते. मी विनवण्या केल्या, मुलीने केल्या. बाबा ढिम्म. तीन आठवडे घरात त्या वहीवाचून दुसरा विषय नव्हता. शेवटी एका सकाळी मी त्यांच्यापुढे गाडीचा कागद ठेवला आणि म्हणालो, “बाबा, सतरा हा आकडा माझ्या मनातला नाही. हा बघा, छापलेला आहे.”

बाबांनी कागद वाचला. “हे कुणी मोजलं?”

मी सांगितले. पुण्याला वेताळ टेकडीवर एआरएआय नावाची संस्था आहे, १९६६ सालची. तिथे गाडी रस्त्यावर नेत नाहीत. चाकांखाली लोखंडी रूळ फिरतात आणि गाडी जागच्या जागी धावते. वाऱ्याचा अडथळा यंत्रच हिशेबाने लादते. एकूण १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटेसुद्धा नाहीत. वेग नव्वदच्या वर जात नाही आणि सगळा मिळून सरासरी ताशी बत्तीसच्या आसपास पडतो. थंड हवेचे यंत्र बंद. त्यात ना भोकरचा बाजार, ना घाईत असलेला माझ्यासारखा मुलगा.

बाबांचा चेहरा प्रथमच सैल झाला. “म्हणजे हे घेरमाप आहे,” ते म्हणाले.

मला समजले नाही. तेव्हा त्यांनी मला जे शिकविले ते मला साठ वर्षांत कुणी सांगितले नव्हते. सागवानाचे गोल लाकूड मोजताना दोरीने घेर घेतात, त्याचा चौथा भाग करतात, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात. येणारे उत्तर लाकडाच्या खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच असते. विकणाऱ्याला ते ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. साल, वाकडेपणा, कापताना होणारा भुसा असे सगळे त्यात जिरते. सगळी लाकडे एकाच मापाने मोजली की तुलना चुकत नाही. “सतराचे साडेअठ्ठ्याहत्तर टक्के किती?” त्यांनी विचारले, आणि मी कागद शोधेपर्यंत उत्तर दिले: “तेरा पूर्णांक तीन. एवढं मिळालं पाहिजे. तुझं साडेबारा म्हणजे भुसा जरा जास्तच पडतोय.”

मी संधी साधली. म्हणालो, “साडेपंधरा काढून दाखवले तर याल नांदेडला?”

“कसे काढशील?”

“तुम्ही सांगाल तसे.”

फेब्रुवारीतली ती खेप मी जन्मात विसरणार नाही. निघण्यापूर्वी टायरांत हवा मापून भरली. दोन चाकांत ती बरीच कमी निघाली. डिकीत वर्षभर पडलेले सामान काढले. आणि बाबांनी अट घातली, की काटा सत्तरच्या वर गेला तर हिमायतनगरला उतरून ते रेल्वेने परत जातील. काटा आता त्यांना दिसत होता! मी सत्तरने चाललो. मला ट्रॅक्टरखेरीज सगळ्यांनी मागे टाकले. वडापच्या जीपने टाकले, लग्नाच्या टेंपोने टाकले. एका मोटारसायकलवाल्याने वळून पाहिले, गाडी बिघडली आहे का म्हणून. पुस्तकात मी वाचले होते, की वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शंभरला तो सत्तरच्या दुप्पट होतो. वाचले होते, पाळले नव्हते. इस्लापूरच्या जवळ बाबांनी काच खाली केली आणि रानाकडे पाहत राहिले. कोणत्या सालची लागवड, कुठे आग लागली होती, ते सांगू लागले. आठ वर्षांत त्या रानातून मी शेकडो वेळा गेलो असेन. झाडे त्या दिवशी पाहिली.

परत आल्यावर पंपाने दाखवले १९.२. दोनशे अठ्ठ्याण्णव भागिले एकोणीस पूर्णांक दोन, साडेपंधरा. पैसे झाले दोन हजार चोपन्न. बाबांनी ते पुरे मोजून दिले आणि वहीत पहिल्यांदा बिनरेघेची ओळ पडली.

मग त्यांना छंदच लागला. भारीतल्या पेट्रोलची त्यांनी तपासणी केली: तीन खेपा साधे, तीन खेपा महाग. फरक वहीत कुठेच सापडला नाही. मी नंतर समजून घेतले, की ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू नये एवढाच त्याचा गुण. ज्या इंजिनाला तो लागतो त्याला लागतो, माझ्या इंजिनाला लागत नव्हता. इतकी वर्षे मी बदाम म्हणून काय चारले कोण जाणे. पंपावरच्या मुलाला बाबांनीच सांगितले, “साधं.”

२०२५ साली वहीत नवा पेच आला. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजे मराठवाड्यातल्या माणसाच्या भाषेत ऊस आणि मका. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते; त्याचा पाचवा हिस्सा मिसळला तर लिटरमागे सहा-साडेसहा टक्क्यांचा तोटा कागदावर दिसतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही माझ्यासारख्या जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली आहे. बाबांना हे आधी सांगितले नाही. जुलैच्या खेपेला २०.४ लिटर लागले आणि सरासरी चौदा पूर्णांक सहावर आली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी शपथेवर सांगितले, काटा सत्तरच्या वर गेला नव्हता. मग सगळे समजावले. ते म्हणाले, “घोड्याला हरभऱ्याऐवजी ऊस घातला तर तो चालेल, पण जरा जास्त खाईल.” तरी एका टाकीवर त्यांनी निकाल लिहिला नाही. शेरा लिहिला: ‘तपासणी चालू.’

इंजेक्शनांतले अंतर आधी दीड महिना, मग दोन महिने असे वाढत गेले होते. सप्टेंबरात डॉक्टरांनी पडदा तपासला आणि हसून सांगितले, की पाणी पूर्ण सुकले आहे. आता इंजेक्शन नको, चार महिन्यांनी एकदा दाखवून जा.

मला वाटले, बाबा खूश होतील. ते गाडीत गप्प बसून होते. नांदेड मागे पडले, भोकर गेले. हिमायतनगरच्या पुढे रान सुरू झाले तेव्हा त्यांनी खिशातून वही काढली आणि पाने उलटीत म्हणाले,

“या उसाच्या पेट्रोलच्या दोनच टाक्या झाल्यात. तीन झाल्याशिवाय मोजणी धरता येत नाही. पुढल्या महिन्यात एकदा नांदेडला यावं लागेल.”

“डॉक्टरांकडे?” मी विचारले.

“डॉक्टर कशाला?” बाबा म्हणाले. “तू समोर बघ. पंचाहत्तर झालेत.”