आईच्या ताटातलं प्रोटीन

खुब्याच्या ऑपरेशननंतर आईचं हाड जुळलं, पण मांडी दिवसेंदिवस वाळत चालली. फिजिओथेरपिस्टबाई म्हणाल्या, "व्यायाम मी करून घेते. आजींच्या पोटात प्रोटीन किती जातंय, ते तुम्ही बघा."

मी तिचं दिवसभराचं खाणं वहीत मांडलं. फुलके, थोडा भात, पातळ वरण, वाटीभर दही, चहातलं दूध. बेरीज जेमतेम 30 ग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. उतारवयात, त्यातून आजारपणात, एक ग्रॅमच्या वर लागतात. आईचं वजन 50 किलो, अंडं ती शिवत नाही, आणि भूक चिमणीएवढी.

म्हणून पावडरीचा विचार. आधी डॉक्टरांनी क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडाची खात्री केली. दुकानात डब्यांवरची दंड फुगवलेली चित्रं सोडून मी मागचे तक्ते वाचले. एका डब्यात 30 ग्रॅमच्या चमच्याला 24 ग्रॅम प्रथिनं होती. दुसऱ्यात तेवढ्याच पावडरीत 10, आणि घटकांमध्ये साखर व मॉल्टोडेक्स्ट्रिन अगदी वर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे आपण पैसे कशाचे मोजतोय हे तिथेच कळतं.

"हे पोरांचं औषध मला कशाला गं?" आई म्हणाली. मी सांगितलं, पनीर गाळल्यावर हिरवट पाणी उरतं ना, तसंच चीज करताना उरतं. ते गाळून, वाळवून व्हे पावडर होते. पनीरच्या पाण्यात तिने आयुष्यभर कणीक मळलेली, त्यामुळे तिला लगेच पटलं. स्नायू बांधायला चालना देणारं ल्युसिन हे अमिनो आम्ल व्हेमध्ये भरपूर असतं. गरम चहात मात्र त्याच्या गुठळ्या होतात. आम्ही ते ताकात घुसळायचो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत स्नायू कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा, असं म्हटलंय. रोज अंडी, मासे, चिकन, दूध खाणाऱ्या तरुणाला त्यांची गरज नाही, हे मला मनापासून पटतं. आईची गोष्ट वेगळी होती. तिच्या ताटातली तूट आम्ही मोजली होती, आणि जोडीला रोज खुर्चीतून उठबस चालू होती.

भूक परतली तसं वरण घट्ट झालं, मुगाची धिरडी आली, कणकेत सोयाबीनचं पीठ मिसळलं. मग चमचा अर्ध्यावर आणला.