गच्चीचं ऊन आणि मावशींचं यंत्र



आमच्या मंडळीतल्या एक मावशी दर उन्हाळ्यात वाळवणं करतात आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना वाटतात. यंदा गुडघे गच्चीचा जिना चढू देईनात. त्यात बेळगावचा पाऊस! मुलगा म्हणाला, सुकवणीचं यंत्र घेऊ. निवड माझ्याकडे आली.

दुकानदार ट्रे मोजून दाखवत होता. मी पंखा कुठं आहे ते विचारलं. तळाशी असेल तर खालचे ट्रे आधी वाळतात, मग वरखाली करत बसा. मागच्या बाजूला असेल तर हवा प्रत्येक ट्रेवरून आडवी जाते. मावशींनी दर दोन तासांनी का उठावं? तापमान ठरवता येणारंच घेतलं: पुदिन्याला ४० अंशांच्या आत, भाज्या-फळांना ५५ च्या आसपास. टायमरही हवाच. ५०० वॅटचं यंत्र आठ तासांत फार तर चार युनिट खातं.

अबीगईलनं दाविदाकडे मनुकांचे १०० घड आणि अंजिरांच्या २०० ढेपा नेल्या, त्या उन्हातच वाळल्या असतील. मावशींचंही तेच म्हणणं: टोमॅटो, मेथी यंत्रात, कुरडया मात्र उन्हातच. त्या गच्चीवर कोण नेणार, हे त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं.